तसबिरीवाल्याच्या दुकानातून

दिवाळीला आठ दिवस उरले, की आमच्या नंदुरबारच्या बाजारात तसबिरी मढवून देणाऱ्याच्या दुकानापुढे उभे राहायला जागा मिळत नाही. घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या असतात. कुणाची काच तडकलेली निघते, कुणाच्या पट्टीला वाळवी लागलेली निघते. गेल्या वर्षी मीही आमच्या आजोबांचा फोटो काखोटीला मारून तेथे उभा होतो. माझ्या पुढे एक बाई लक्ष्मी घेऊन, आणि त्यांच्या पुढे एक गृहस्थ मुलाचे पदवीदानाचे छायाचित्र घेऊन. दुकानदार प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत होता, "साधी पट्टी, की नक्षीची?" उभ्या उभ्या माझ्या मनात आले, की आपल्या घरांत चौकटीत बसण्याचा मान तिघांनाच आहे : देवाला, गेलेल्या माणसाला आणि पास झालेल्या मुलाला.

यात हसण्यासारखे काही नाही. चित्र म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना या तसबिरींनीच शिकवले. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्यानंतर दिवाळी अंक आले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे अंकापासून सोडवून मढवून घेणारी घरे खानदेशातही होती. आमच्या आत्याच्या घरी मुळगावकरांची एक यशोदा होती. तिला रोज उदबत्ती ओवाळली जाई.

पण याच तसबिरीच्या धंद्यातून आपल्याकडच्या अगदी नव्या, देवादिकांशी संबंध नसलेल्या चित्रकलेचे पहिले मोठे दुकान उभे राहिले, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती आज सांगावीशी वाटते.

केकू गांधी हे मुंबईचे पारशी तरुण, जन्म १९२०. केंब्रिजला शिकत होते. १९३९ साली सुट्टीत घरी आले आणि तिकडे महायुद्ध सुरू झाले. परत जाणे राहून गेले. रिकाम्या बसलेल्या या तरुणाची ओळख बेल्जियमच्या एका गृहस्थाशी झाली आणि त्यातून चौकटीच्या पट्ट्या तयार करण्याचा उद्योग निघाला. १९४१ साली कंपनी स्थापन झाली. 'केमिकल' आणि 'मोल्डिंग' या दोन शब्दांची मोडतोड करून तिचे नाव पडले 'केमोल्ड'. प्रिन्सेस स्ट्रीटवर तिचे दुकान होते. आता, नुसत्या रिकाम्या चौकटी काचेमागे लावल्या तर गिऱ्हाईक थांबणार कशाला? म्हणून चौकटीत चित्रे हवीत. मुंबईतले तरुण चित्रकार आपली चित्रे टांगायला जागा शोधतच होते. दोघांची गरज भागली. आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रे अशी चौकटीच्या दुकानाच्या काचेतून रस्त्यावरच्या माणसाकडे पाहू लागली.

ही तरुण मंडळी कोण होती? १९४७ साली मुंबईत सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. त्यांतले फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. कृष्णाजी हौलाजी आरा यांनी साहेबाच्या घरी नोकरी केली आणि मोटारी धुतल्या. हरी अंबादास गाडे वऱ्हाडातले, आणि माझ्यासारख्याला विशेष जवळचे वाटावेत असे, कारण त्यांनीही मास्तरकी केली होती. सय्यद हैदर रझा यांचे वडील जंगलखात्यात रेंजर होते. सदानंद बाकरे मूर्तिकार होते. यांतल्या कुणाच्याही पाठीशी वाडवडिलांची इस्टेट नव्हती. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते काही परके लोक. हिटलरच्या छळाला कंटाळून मुंबईत आलेले ते तिघे : वॉल्टर लँगहॅमर हे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंपादक, रुडॉल्फ फॉन लायडेन हे टीकाकार आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे संग्राहक. ज्यांचे स्वतःचे घर गेले होते, त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांना भिंत मिळवून दिली.

१९४९ साली या गटाचे पहिले प्रदर्शन भरले. तेव्हा मुंबईत प्रदर्शनाला जागा म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटीचे दालन आणि असेच दुसरे एखादे. मोठी सोय झाली ती १९५२ साली, सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून काळ्या घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तेव्हा. पण जहांगीर ही धर्मादाय संस्था. चित्रकाराने अर्ज करायचा, पाळी आली की आठवडाभराचे भाडे भरायचे, चित्रे स्वतः टांगायची, स्वतःच उतरवायची. विकली गेली तर नशीब; नाही तर टॅक्सीत घालून घरी न्यायची. त्यानंतर ती कुठे जातात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो, याची काळजी कुणाची नाही.

ही काळजी वाहणारे दुकान म्हणजे विक्रीची गॅलरी. तिचा मालक चित्रकार निवडतो, प्रदर्शन आपल्या खर्चाने भरवतो, पत्रिका छापतो, चित्र विकले गेले की ठरलेला हिस्सा घेतो, आणि न विकले तरी त्याच माणसाचे प्रदर्शन पुन्हा भरवतो. या शेवटच्या गोष्टीत धंदाही आहे आणि विश्वासही आहे. मुंबईत अशा दोन गॅलऱ्या एकाच वर्षी, १९६३ साली, निघाल्या. एक केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांची 'गॅलरी केमोल्ड', जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. दुसरी काली पंडोल यांची, फ्लोरा फाउंटनजवळ. आणि गंमत अशी, की पंडोलही मुळात तसबिरी मढवणारेच!

२००५ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेला गाडी बदलून मुंबईला गेलो होतो. माझ्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाला दाखवायचे होते. ते त्याने दुपारी एक वाजताच परत केले आणि संध्याकाळपर्यंत वेळ रिकामा राहिला. जहांगीरमध्ये शिरलो. खालची दालने पाहिली, 'समोवार' नावाच्या उपाहारगृहात चहा घेतला (ते २०१५ साली बंद झाले), आणि मग जिना चढून केमोल्डच्या दाराशी थबकलो. पायांत चपला, हातात पिशवी. तिकीट किती, असे विचारले. आतल्या बाईंनी हसून सांगितले, "तिकीट नाही. या ना." खोली लहान होती. आमच्या शाळेच्या एका वर्गाएवढी असेल नसेल. एवढ्याशा खोलीने पुढे इतक्यांना नाव मिळवून दिले, यावर माझा विश्वास बसेना.

भूपेन खख्खर यांचेच पाहा. बडोद्यात हिशेबनिसाचे काम करणारा हा माणूस. त्यांनी आपल्या चित्रांत कोण आणले? घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे त्यांचे १९७२ सालचे चित्र आहे; असले दुकान आमच्या बाजारात मी तुम्हाला आजही दाखवीन. केमोल्डने अशा चित्रांना भिंत दिली. जो माणूस तसबिरीच्या दुकानात कधीच चौकटीत बसला नसता, तो तेथे बसला.

आणि १९७५ साली त्याच खोलीत जीव्या सोमा म्हसे यांची चित्रे लागली.

म्हसे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या पाड्यावरचे वारली. लहानपणी आई गेली तेव्हा या मुलाचे बोलणे बंद झाले. मातीत रेघा ओढून तो मनातले सांगू लागला, असे त्यांच्याबद्दल सांगतात. वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की सवाशिणींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची. त्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले की त्या चित्राचे काम संपले. पुढचा पावसाळा आणि चुलीचा धूर त्याचे काय करायचे ते करतात. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पुपुल जयकर यांनी या भागात पाठवले होते. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती त्यांनीच कागद दिला होता. येथे त्यांना म्हसे भेटले. लग्न असो वा नसो, हा पुरुषमाणूस रोज चित्र काढत होता. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिला आणि भिंतीवरचे चित्र चौकटीत आले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रे गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली म्हसे गेले, तेव्हा वारली चित्र चादरींवर आणि चहाच्या कपांवरही पोचलेले होते.

हे सारे मी फार उशिरा वाचले. आणि वाचता वाचता मला आमच्या शाळेच्या व्हरांड्याची मागची भिंत आठवली.

मुंबईला गेलो त्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत होतो. चित्रकलेचा तास, दुसरे कुणी घ्यायला नाही म्हणून, माझ्याकडे. अक्राणीच्या डोंगरातून आलेला एक मुलगा सातवीत होता. वर्गात तोंड उघडत नसे. दिवाळीच्या सुट्टीआधी नुकताच चुना दिलेल्या त्या भिंतीवर त्याने कोळशाने या टोकापासून त्या टोकापर्यंत होळी काढली. मोरपिसांचे उंच टोप घातलेले नाचे, कमरेचे भोपळे, अंगावरचे राखेचे ठिपके, आणि मध्ये होळीचा बांबू, तो थेट छताला भिडलेला. मी संतापलो. तपासणी तोंडावर आली होती. म्हणालो, "अरे, वही दिली आहे ना? वहीत काढायला काय झाले?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वहीत मावत नाही, गुरुजी."

मी त्याच्याच हातात कुंचा दिला आणि त्याच्याकडूनच भिंतीला चुना मारून घेतला. सुट्टीत तो आईबापांबरोबर उसतोडीला गुजरातेत गेला, तो पुन्हा शाळेत आला नाही. त्याच्या हातून दुसरा म्हसे झाला असता, असे मी म्हणणार नाही. असे बोलणे सोपे असते. मी एवढेच म्हणतो, की प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्या दुकानदाराने मोटारी धुणाऱ्याचे चित्र काचेत लावले, आणि मी, ज्याला त्या तासाचा पगार मिळत होता, चुन्याची बादली आणवली.

चौकटीची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. हुसेन यांनी १९५४ साली रंगवलेले 'ग्रामयात्रा' हे चित्र २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. त्यातली पैसुद्धा चित्रात दिसणाऱ्या खेड्यापर्यंत येत नाही. म्हसे यांचे नाव झाले ते योग्यच झाले; पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींपैकी एकीचेही नाव तुम्हाआम्हाला सांगता येणार नाही. चौक लिहिताना म्हटलेली गाणी चित्राबरोबर आली नाहीत. चौकटीत काही येते, काही बाहेर राहते. वहीत मावत नाही, असे तो मुलगा म्हणाला, तो याहून वेगळे काय म्हणत होता?

तरीही कुणीतरी काच पुसून चित्र आत ठेवावे लागते, नाही तर रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसतच नाही. केमोल्ड २००७ साली जहांगीरमधून हलली. फोर्टात प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. तिचा कारभार केकूंची कन्या शिरीन गांधी यांच्याकडे आला. केकू २०१२ साली वारले. २०१३ साली गॅलरीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा गीता कपूर यांनी तेथे एकामागून एक पाच प्रदर्शने मांडली. तसबिरीच्या पट्ट्या विकणाऱ्या दुकानाचा हा प्रवास आहे. दिवाळीत मुलांना घेऊन मुंबईला जाणाऱ्या वाचकांनी राणीच्या बागेबरोबर काळ्या घोड्यालाही एक दुपार द्यावी. चित्र कळले नाही तर लाजू नये. मलाही पुष्कळशी कळत नाहीत. आणि तिकीट पडत नाही.

यंदाही सुट्टीत आमच्या शाळेला रंग द्यायचा आहे. आता मी दुसऱ्या शाळेत आहे, पण व्हरांड्याची मागची भिंत सगळ्याच शाळांना असते. ती तेवढी चुना न देता मातीने सारवून ठेवावी आणि मुलांना मोकळी सोडावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले. ते म्हणाले, "आणि तपासणी आली तर, गुरुजी?"

मी म्हटले, "मी उत्तर देईन."

अजून त्यांनी होय म्हटलेले नाही. पण चुन्याचा हिशेब करताना त्यांनी एक पोते कमी लिहिलेले मी पाहिले आहे.