सिनेमाचं वय आणि मुलाचं वय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात तर वाटेत आपटा नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. 1995 साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाचा शेवट इथे चित्रित झाला. ती सुटलेली गाडी, ती धावणारी मुलगी, दारातून पुढे आलेला तो हात, हे सारं आमच्या आपट्याच्या फलाटावरचं. मी तेव्हा पंचविशीत होतो. गर्दीत टाचा उंचावून लांबून शूटिंग पाहत होतो. माझ्यापुढे शाळेला दांडी मारून आलेली पोरं होती. मारामारी सुरू झाली की ती श्वास रोखून धरत आणि कॅमेरा थांबला की खिदळत.

पुढे हीच पोरं पनवेलला पिक्चर बघायला गेली. मीही होतो. नायकाच्या तोंडावरचं रक्त पाहून आमच्यातलं एकही पोर घाबरलं नाही. उलट ‘ते बघ आपलं स्टेशन’ म्हणून ओरडत होती. पुढच्या रांगेतला एक मुलगा मात्र आईच्या कुशीत तोंड खुपसून बसला होता.

सिनेमा एकच, वयही जवळजवळ एकच. मग एखादा चित्रपट लहानांनी पाहण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांसमोर आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून विलायतेत चित्रपटांना ‘यू’ आणि ‘ए’ ही अक्षरं मिळू लागली होती. आपल्याकडे 1918 साली कायदा झाला आणि 1920 साली मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. पण त्या सरकारला मुलांच्या झोपेपेक्षा आपल्या राज्याची काळजी जास्त. 1921 सालच्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो, म्हणून त्यावर मद्रासेत बंदी आली. 1927 साली नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढे मुलांवर होणाऱ्या परिणामांचा विषय आला. मात्र वयाची रेघ कायद्यात उमटायला स्वातंत्र्य यावं लागलं.

1949 साली कायदा दुरुस्त झाला आणि ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, अशी विभागणी झाली. सुरुवातीच्या ‘ए’ चित्रपटांत 1950 सालच्या ‘हंसते आंसू’चं नाव घेतलं जातं. गंमत अशी, की त्याची नायिका मधुबाला हिचा जन्म 14 फेब्रुवारी 1933 चा. म्हणजे त्या वर्षी तिला अठरावं पुरं झालेलं नव्हतं. पडद्यावर जायला तिला मुभा होती, प्रेक्षकांत बसायला नव्हती!

पुढे 1951 साली केंद्रीय मंडळ आलं, 1952 साली नवा कायदा आला. त्याची खरी परीक्षा घेतली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी दाखवणारा माहितीपट त्यांनी काढला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. मंडळाने ‘ए’ दिला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत सरकारने कात्री न लावता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली, तरी त्यांनी सेन्सॉरच्या तत्त्वालाच आव्हान दिलं. 24 सप्टेंबर 1970 रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला. वयानुसार वर्गवारी घटनेला धरून आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण कलेची कदर करणारे स्पष्ट नियम करा, असंही सरकारला बजावलं.

न्यायालयाची भाषा अशी, आणि थिएटरच्या दारातली वेगळी. मी बारा वर्षांचा असताना ईदीचे पैसे खिशात घालून आम्ही तीन चुलतभाऊ पिक्चरला गेलो. पाटीवर ठळक ‘ए’. डोअरकीपरने आम्हा दोघांना अडवलं आणि पंधरा वर्षांच्या तिसऱ्याला आत सोडलं. का, तर त्याला मिसरूड फुटली होती! कायद्याला जन्मदाखला लागतो, दारावर मिशी पुरते.

त्यानंतर वर्षभरात, 1983 साली, मधला रस्ता निघाला. ‘यूए’ हा वर्ग आला: सर्वांसाठी, पण बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवावं. सेन्सॉर बोर्डाचं नावही ‘प्रमाणन’ मंडळ झालं. मला हा बदल मोलाचा वाटतो, कारण मुलाच्या शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलेलं आहे, हे कायद्याने पहिल्यांदा ध्यानात घेतलं. आमच्या घरी ते काम दादी करायची. तंबूतल्या सिनेमात नको ते दृश्य आलं की तिचा तळवा आमच्या डोळ्यांवर. आणि एकदा, साध्या ‘यू’ चित्रपटात जत्रेत आईपासून पोर हरवलं तेव्हा मी रात्रभर रडलो. तेव्हा तोच तळवा पाठीवरून फिरत होता. त्या दृश्याला कुठल्या मंडळाने कात्री लावली असती?

आता वर्ग आणखी बारीक झालेत. मोबाइलवर, टीव्हीवर दिसणाऱ्या मालिका-चित्रपटांसाठी 2021 च्या नियमांत सात, तेरा आणि सोळा अशा पायऱ्या आल्या. 2023 साली चित्रपटांचा कायदा बदलला आणि 2024 च्या नियमांनी थिएटरातल्या ‘यूए’लाही त्याच पायऱ्या लागल्या. त्या पालकांना सल्ला म्हणून आहेत. पण सल्ला ऐकायला पालक जागेवर हवा ना!

मागच्या वर्षी आमच्याकडे पाहुणे आले होते. मोठ्यांच्या गप्पा चालाव्यात म्हणून मीच माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या हातात मोबाइल दिला. कोपऱ्यात आकडा होता तेरा. मी चष्मा लावला नाही, तिने वाचला नाही. दोन रात्री ती दचकून उठत होती. तिसऱ्या रात्री तिने विचारलं, ‘‘नाना, त्या माणसाला खरंच जाळलं का हो?’’ दोन दिवस हा प्रश्न ती एकटीच बाळगून होती.

रविवारी तिला घेऊन मी आपटा स्टेशनवर गेलो. शूटिंगची सगळी हकिगत सांगितली. मारामारी थांबल्यावर पोरं कशी खिदळायची, तेही सांगितलं. तिने फलाट नीट न्याहाळला. म्हणाली, ‘‘मग पुढच्या वेळी तुम्ही माझ्याजवळ बसा.’’

इतक्या कायद्यांच्या इतिहासात मला सापडलेला सर्वांत सोपा नियम हाच. मी आता चष्मा लावून तो कोपऱ्यातला आकडा वाचतो, आणि मग तिच्या शेजारी बसतो.