परतीचं तिकीट फक्त जिवंतांना

आधी पायातले बूट बघा. जाड तळाचे आहेत ना? तुम्ही उभे आहात ते लंडनमध्ये, साउथवर्कच्या बरो भागात. साल 1856, ऑक्टोबरातली रविवारची सकाळ. पायाखाली जे पचपचतंय त्यात चिखल थोडा आणि घोड्यांची लीद जास्त. नाकाला रुमाल लावू नका, लोक बघतात. हा आंबूस, कुजका वास थेम्सचा आहे. अख्ख्या शहराचा मैला याच नदीत जातो. त्यावर कोळशाचा धूर असा बसलाय की ओठांवरून जीभ फिरवली तरी काजळीची चव लागते.

आज तुम्हाला मावशीच्या कबरीवर जायचंय. ती गेली गेल्या वर्षी. घरात पेटीपुरतेही पैसे नव्हते, म्हणून माती झाली पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्च-विभागाच्या, खर्चानं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण या गल्ल्यांमध्ये याहून मोठी नामुष्की नाही. पोटाला चिमटा काढून माणसं आठवड्याला पेनी-पेनी मयताच्या फंडात भरतात, ती याच धाकानं. मावशीनंही भरली होती. दुखण्यात काम सुटलं, हप्ते थकले, फंड बुडाला.

चला, युनियन स्ट्रीटनं पश्चिमेकडे. डाव्या-उजव्या हाताच्या घरांत एकेका खोलीत एकेक कुटुंब आहे. दारातून बाहेर येणारी ऊब उकडलेल्या कोबीची, ओल्या कपड्यांची आणि माणसांची. वाटेत एक ओसाड आवार लागेल, तिथे जरा थांबा. हे क्रॉस बोन्स. गरिबांचं दफन इथेच व्हायचं. तुमची आजीही इथेच आहे. नक्की कुठे ते विचारू नका. पेटीवर पेटी, तिच्यावर आणखी पेटी, आणि जागा संपली की जुनं उकरून नवं आत. 1848-49च्या पटकीनं लंडनमध्ये सुमारे 14 हजार माणसं नेली, तेव्हा शहरातल्या सगळ्याच दफनभूमी तुंबल्या होत्या. क्रॉस बोन्स 1853 मध्ये बंद झालं. आजीला हाक मारायची तर सगळ्या आवारालाच मारावी लागते.

आता कानांची तयारी ठेवा. न्यू कटचा बाजार आला! शनिवारी रात्री मजुरी हातात पडते, म्हणून गरिबाचा बाजार शनिवार रात्री आणि रविवार सकाळचा. चर्चची वेळ झाली की पोलीस गाड्या हटवतात, त्यामुळे जो तो घसा फोडून ओरडतोय. खारवलेले, धुरावलेले हेरिंग मासे, पेनीला तीन! भाजलेले चेस्टनट, पेनीला वीस! शेगडीजवळून जाताना गालाला झळ लागते, पुढच्याच पावलाला कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं. एक पोरगं तुमच्या कोटाला लोंबकळून कांद्याची जुडी नाकासमोर नाचवतंय. खिसा सांभाळा. त्यात दोन शिलिंग आहेत, म्हणजे चोवीस पेनी. याच बाजारात त्यांचे बहात्तर हेरिंग येतात आणि घरी खाणारी तोंडं पाच आहेत, हा हिशेब तुम्ही रात्रभर केलाय. पैसे मुठीत घट्ट धरा आणि पुढे चला.

वॉटर्लू स्टेशनशेजारी, रेल्वेच्या कमानींना लागून हे दुसरं, छोटं स्टेशन. गाड्या वरच्या अंगाला येतात. खालून पेट्या वर न्यायला वाफेवर चालणारा पाळणा आहे. तो घरघरत वर जातो तेव्हा भिंतीला हात लावलात तर हादरा जाणवतो. इथून सुटणारी गाडी फक्त मयतांची आणि त्यांच्या माणसांची. लंडन नेक्रोपोलिस कंपनीनं ती दोन वर्षांपूर्वी सुरू केली. शहरापासून 37 किलोमीटरवर, सरे परगण्यात ब्रुकवूडला, तिची भलीमोठी दफनभूमी आहे.

खिडकीवर तिसऱ्या वर्गाचं तिकीट मागा. दोन शिलिंग, जाऊन-येऊन. मावशीचं तिकीट गेल्या वर्षी अडीच शिलिंगांना पडलं, एकेरी. ते पॅरिशनं भरलं. पहिल्या वर्गाच्या पेटीला एक पौंड लागतो. हो, पेट्यांनाही वर्ग आहेत. शिवाय गाडीचे दोन भाग आहेत, चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचा एक आणि बाकी पंथांचा दुसरा, आणि दोन्हींत जिवंतांचे तीन आणि मयतांचे तीन वर्ग. लंडनचे बिशप ब्लॉमफील्ड यांना ही कल्पना मुळातच रुचली नव्हती. भलत्यासलत्या चालीच्या माणसाची पेटी अब्रूदार घराण्याच्या पेटीशेजारी प्रवास करणार, हे त्यांना अनुचित वाटलं. मला त्या बिशपांना क्रॉस बोन्सच्या आवारात नेऊन उभं करावंसं वाटतं.

अकरा वीसला शिटी होते. लाकडी बाकावर दाटीवाटीनं बसा. शेजारच्या बाईचा काळा झगा उसना आहे. खांद्यांवर सैल, मनगटाशी आखूड. तिच्या पोराची पेटी याच गाडीला जोडलेल्या डब्यात आहे, म्हणून ती प्रत्येक धक्क्याला मागे वळून बघते. बोलू नका, नुसतं सरकून जागा द्या. व्हॉक्सहॉलची धुराडी गेली, क्लॅपम गेलं, आणि हळूहळू खिडकीतून येणारी हवा बदलायला लागली. ओल्या गवताचा वास! डब्यातली चार माणसं एकदम खोकतात, छातीत मोकळी हवा शिरल्यासारखी.

तासाभरानं मुख्य मार्ग सोडून गाडी थांबते आणि उलटी ढकलत दफनभूमीतच शिरते. पहिला थांबा इतर पंथांचा. आपल्याला दुसऱ्यावर उतरायचंय. उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवेल ती पायाखाली: भुसभुशीत, रेताड, कोरडी जमीन. लंडनच्या चिकट मातीची सवय असलेली तुमची पावलं इथे अडखळतील. चहूकडे माळ, त्यावर तांबूस पडत चाललेलं हेदरचं झुडूप, कोवळी सदाहरित झाडं, त्यांच्यातून सळसळणारा वारा. आणि जागा! एवढी मोकळी जागा मावशीनं जिवंतपणी कधी पाहिली नसेल.

गरिबांच्या रांगा संगमरवरी थडग्यांपासून दूर आहेत. इथे दगड नाहीत, नावं नाहीत. पॅरिशनं पुरलेल्याच्या कबरीवर कायमची खूण उभारायचा हक्क नाही. पण नीट बघा, उंचवटे सुटे-सुटे आहेत. कंपनीनं पहिल्यापासून ठरवलंय की भिकाऱ्यालाही स्वतंत्र खड्डा, एकात एकच. जन्मभर मावशी तिघी-चौघींबरोबर एका गादीवर कूस न बदलता झोपली. तिच्या नावाला जग विसरलं हे खरं, आणि त्याचा मला आजही राग येतो. पण तिला अंग पसरायला हक्काची जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. रांग ओळखीची आहे. शेवटच्या भुर्जापासून मोजत या. हा. उंचवटा बसलाय, कडेला रेती ओघळलीये. गुडघे टेकून दोन्ही हातांनी ती वर ओढा. ओढताना सुकं हेदर तळहाताला टोचतं, नखांत रेती शिरते. काय बोलायचं सुचत नसेल तर घरचं सांगा. धाकट्याला काम लागलं. भाडं वाढलं.

इथली पहिली माती 1854च्या नोव्हेंबरात झाली, बरोतल्याच युअर स्ट्रीटच्या होर दांपत्याच्या जुळ्यांची. मृतच जन्मलेली, गरिबांच्या रांगेतली, निनावी. इतकी तान्ही लेकरं आपल्याकडेही जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळे तो खड्डा केवढा असेल हे तुम्हाला सांगायला नको. आणि पुढे कधी पुन्हा या बाजूला आलात, तर याच भूमीतल्या पारशी भागात मुंबईच्या जमशेटजी टाटांचं समाधिमंदिरही दिसेल. ते 1904 मध्ये युरोपातच वारले आणि इथे आणले गेले.

परतीच्या गाडीला वेळ आहे तोवर स्टेशनातल्या उपाहारगृहात शिरा. काचा वाफेनं पांढुरक्या झाल्यात, लोकांच्या ओल्या लोकरीला वास येतोय. मघाशी रडून सुजलेले चेहरे आता भुकेनं पाव खातायत आणि कोपऱ्यात कुणीतरी मयत माणसाची नक्कल करून सगळ्यांना हसवतोय. कबरीचा वर्ग नंतरही वाढवता येतो, तेव्हा बाहेर पडायच्या आधी किती भरावे लागतील ते विचारून घ्या. वरच्या वर्गात गेलं की दगडाची परवानगी मिळवता येते. कारकून आकडा सांगेल. तो ऐकून मान हलवा, घासाघीस करू नका. इथे ती चालत नाही.

डब्यात तीच उसन्या झग्यातली बाई समोर येऊन बसते. या वेळी ती मागे वळून बघत नाही. "पुन्हा केव्हा येणार तुम्ही?" ती विचारते. तुम्ही मनात पेनी मोजता. आठवड्याला एक बाजूला टाकली तर दोन शिलिंगांना चोवीस आठवडे. त्यात नाताळ येतो, थंडीतला कोळसा येतो. "मेमध्ये," तुम्ही सांगता. ती म्हणते, "मग मीपण तेव्हाच येते. रांग सापडायला सोबत बरी."