जस्त, फॉस्फरस आणि पद्मिनीचा कॅमशाफ्ट : इंजिन ऑइलचा एक छोटा इतिहास

वंगणशास्त्राच्या या पाठात आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. जुन्या गाडीत आजचे सर्वांत नवीन आणि सर्वांत महाग तेल घातले, तर ते तिच्यासाठी सर्वांत चांगले असते का? उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे. त्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या कुर्ल्यातून जातो.

माझ्यापुरता हा प्रश्न जयपूरच्या शास्त्री नगरात, घराच्या दारातच उभा राहिला. वडिलांची प्रीमिअर पद्मिनी मी सोलापूरहून इथे आणली आणि एका गॅरेजमध्ये इंजिन बांधून घेतले. कॅमशाफ्ट घासून नवा केला, टॅपेट नवे टाकले. तेल मात्र दुकानातले सर्वांत भारी घेतले : ५डब्ल्यू-३०, अगदी ताज्या श्रेणीचे. दोन हजार किलोमीटरच्या आतच इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. उघडून पाहिले तर कॅमचे एक नाक झिजून बोथट झाले होते. ‘साहब, तेल तो अच्छा था, पर इसका नहीं था,’ एवढेच दुसऱ्या एका वयस्क उस्तादजींनी सांगितले. त्यांचे म्हणणे कितपत खरे, हे आता पाहू.

१. कॅम आणि टॅपेट यांच्यात काय घडते?

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पुढे फियाटशी करार झाला, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी १९७० च्या दशकात आधी प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग प्रीमिअर पद्मिनी झाली.

या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली, त्यावर टॅपेट, त्यावर पुशरॉड आणि वर रॉकर. अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाची रचनाही याच घराण्यातली. अमेरिकेतल्या १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओसारख्या ‘मसल कार’मधल्या व्ही-८ इंजिनातही तत्त्व तेच होते, फक्त व्हॉल्वच्या स्प्रिंगा फार कडक होत्या.

टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसतो आणि कॅम त्यावर घासत जातो. रोलर नसल्यामुळे लोळण्याची सोय नाही. स्पर्श अगदी अरुंद पट्टीवर होतो, म्हणून तिथला दाब प्रचंड असतो. बेअरिंगमध्ये तेलाची पाचर तयार होऊन शाफ्ट तेलावर तरंगतो. कॅमच्या नाकावर तसे होत नाही, कारण तेल आत ओढणारा वेग तिथे फार कमी पडतो. धातू धातूला टेकतो. यालाच आपण सीमावर्ती वंगण म्हणतो. अशा ठिकाणी तेलाच्या जाडीपेक्षा त्यातले रसायन जास्त महत्त्वाचे ठरते.

२. अपघाताने सापडलेला रक्षक

ते रसायन म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. त्यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असतात. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याची पेटंटे घेतली गेली, पण ती झीज थांबवण्यासाठी नव्हती. तापलेले तेल हवेशी संयोग पावून आम्ल होई आणि ते आम्ल तांबे-शिशाच्या बेअरिंगना खात असे. ते रोखणे हा मूळ हेतू होता. १९५० च्या दशकात मोठी ओव्हरहेड-व्हॉल्व इंजिने आली, कॅम आणि टॅपेट झिजू लागले, तेव्हा हेच रसायन झीजही रोखते हे ध्यानात आले आणि त्याचे प्रमाण वाढत गेले.

ते काम कसे करते? घर्षणाच्या जागी उष्णता आणि ताण यांमुळे त्याचे रेणू तुटतात आणि पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. त्याची जाडी साधारण ५० ते १५० नॅनोमीटर. घासला जातो तो हा थर, आणि तो पुन्हा तयार होत राहतो. धातू वाचतो. थर बसायला मात्र वेळ लागतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

इथे एक गैरसमज दूर करा. बाजारात सगळे ‘झिंक किती’ विचारतात, पण थराचा मुख्य घटक फॉस्फेट आहे. जस्त हे खुणेसारखे मोजले जाते, कारण एका रेणूत जस्ताचा एक आणि फॉस्फरसचे दोन अणू ठरलेले असतात.

३. मग प्रमाण कमी का केले?

कारण शहरांची हवा. इंजिन थोडे तेल जाळतेच. त्यातला फॉस्फरस धुरातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतो आणि उत्प्रेरकाची कार्यक्षमता घटवतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले. २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले.

तेलाची जागतिक मानकेही त्याच दिशेने गेली. इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.१२ टक्क्यांवरून १९९६ च्या सुमारास ०.१० आणि २००४ मध्ये एपीआय ‘एसएम’ श्रेणीबरोबर ०.०८ टक्के झाली. नव्या इंजिनांत रोलर किंवा हलक्या स्प्रिंगा असल्याने त्यांचे बिघडले नाही. जुन्या सपाट टॅपेटवाल्यांची मात्र कॅम झिजल्याची तक्रार त्यानंतर वाढली.

हा बदल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. लाखो गाड्यांच्या धुराचा प्रश्न काही हजार जुन्या कॅमशाफ्टपेक्षा मोठा आहे. पण नियम नव्या यंत्राला नजरेपुढे ठेवून लिहिला जातो आणि जुने यंत्र सांभाळणाऱ्याला तो स्वतः वाचून समजून घ्यावा लागतो.

४. आकडेमोड

जस्ताचा अणुभार ६५.४ आणि फॉस्फरसचा ३१. म्हणून झिंक : फॉस्फरस = ६५.४ ÷ ६२ = सुमारे १.०५. फॉस्फरस ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम असेल, तर जस्त साधारण ८४० पीपीएम. व्यापारी रसायनात ते थोडे जास्त भरते.

आता इंजिनात ३.५ लिटर तेल आणि घनता ०.८८ धरू. वस्तुमान ३.०८ किलो. ०.०८ टक्क्याने फॉस्फरस सुमारे २.५ ग्रॅम, ०.१२ टक्क्याने ३.७ ग्रॅम. फरक सव्वा ग्रॅमच्या आसपास. सगळा वाद एवढ्या पदार्थाचा आहे.

५. तेल निवडताना

• डब्यावर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची चांदणीसारखी दातेरी खूण असेल, तर ते कमी फॉस्फरसचे तेल समजा. सपाट टॅपेटसाठी ते टाळा.

• २०डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० पाहा. ०.०८ टक्क्यांची मर्यादा या ग्रेडना लागू नाही. पण मर्यादा नाही याचा अर्थ फॉस्फरस भरपूर आहे असा होत नाही. उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक मागवा आणि त्यात ०.१० ते ०.१२ टक्के आहे का ते तपासा.

• डिझेलसाठीचे सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० तेल हा परवडणारा पर्याय आहे. त्याच्या डब्यावर पेट्रोल इंजिनाची ‘एस’ श्रेणीही छापलेली असेल तर उत्तम.

• जयपूरच्या थंडीची भीती नको. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांवर होते, इथे पारा तिथवर कधी जात नाही. उन्हाळ्यात मात्र ५० ग्रेडचा उपयोग होतो : १०० अंशांना त्याची श्यानता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५.

• झिंकच्या बाटल्या वरून ओतू नका. प्रमाण फार वाढले की राख साचते आणि लोखंडाला उलट इजाही होऊ शकते.

• गाडीत कन्व्हर्टर असेल, तर जास्त फॉस्फरसचे तेल वापरू नका.

• नवा कॅम बसवल्यावर त्यावर खास पेस्ट लावा आणि इंजिन सुरू होताच वीसएक मिनिटे २००० फेऱ्यांच्या आसपास चालवा. कॅमला तेल मुख्यतः उडून मिळते आणि संथ वेगात ते पुरेसे उडत नाही. पहिला थर याच वेळी बसतो.

६. निष्कर्ष

मग माझ्या पद्मिनीचा दोष तेलाचाच होता का? मी तसे छातीठोकपणे सांगणार नाही. पद्मिनीच्या स्प्रिंगा व्ही-८ इतक्या कडक नसतात. नवे टॅपेट मऊ असू शकतात, घासताना कॅमचा कठीण थर गेला असू शकतो, आणि पहिल्या दिवशी मी गाडी बराच वेळ आयडलवर ठेवली होती, हा माझाच दोष. कमी फॉस्फरसचे तेल हे या साखळीतले एक कडे. एका उदाहरणावरून कारण सिद्ध होत नाही, हे प्रयोगशाळेत तुम्हाला शिकवतो तेच इथेही लागू आहे. दुसऱ्यांदा मी यातली प्रत्येक गोष्ट बदलली. गाडी आता नीट चालते, पण नेमके कशामुळे ते वेगळे करून सांगता येत नाही.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या घरोघरी, हौसेने जपलेल्या. त्या चालत ठेवायच्या तर तेलाच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला शिकावे लागेल.

स्वाध्याय

१. बेअरिंग आणि कॅमचे नाक यांतील वंगणाच्या अवस्थांची तुलना करा.
२. ४ लिटर तेलात फॉस्फरस ०.१० टक्के असेल, तर जस्ताचे वस्तुमान काढा (घनता ०.८८).
३. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वाहनाच्या तेलाच्या डब्यावरील श्रेणी आणि ग्रेड लिहून घ्या. ते तेल त्या इंजिनाला योग्य आहे का, ते कारणांसह सांगा.