हिरे सापडले, पण देश हिऱ्यांनी उभा राहिला नाही : बोत्सवानाची गोष्ट

आज जरा लांबचं लिहितोय. पोस्टही मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. कारण गोष्ट आफ्रिकेतली असली तरी ज्यांच्या जिल्ह्यात कोळसा, लोखंड, चुनखडी निघते त्यांना ती ओळखीची वाटेल.

बोत्सवाना हे नाव आपण क्रिकेटमध्येही ऐकत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बसलेला, समुद्र नसलेला देश. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, त्यातला मोठा भाग कलहारीचं वाळवंट. लोकसंख्या आजही २४ लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आपला एकटा चंद्रपूर जिल्हा २२ लाखांचा होता, म्हणजे अंदाज येईल.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश स्वतंत्र झाला. तेव्हा त्याच्याकडे काय होतं? पक्का डांबरी रस्ता सुमारे १२ किलोमीटर. पदवीधर २२. शाळेचं माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले साधारण १००. हे आकडे अख्ख्या देशाचे आहेत, एखाद्या तालुक्याचे नाहीत. इंग्रजांनी ८० वर्षं राज्य केलं, पण या भागाचा कारभार ते माफेकिंग गावातून बघायचे आणि ते गाव होतं दक्षिण आफ्रिकेत. राजधानीच देशाबाहेर! गॅबोरोनी ही आजची राजधानी स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९६४ नंतर घाईघाईने बांधली.

त्यात साठच्या दशकात मोठा दुष्काळ पडला. लोकांची मिळकत म्हणजे गुरंढोरं, ती हजारोंनी मेली. घरातला तरणा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला. नव्या सरकारचा रोजचा खर्चही इंग्रजांच्या अनुदानावर चालायचा. जगातल्या सगळ्यात गरीब देशांच्या यादीत हा देश तळाला होता, आणि तो टिकेल असं फारसं कुणी समजत नव्हतं.

मग १९६७ मध्ये ओरापा इथे हिरे सापडले. इथपर्यंत गोष्ट नशिबाची. पुढची नाही.

हिरे कुणाचे?

पहिला प्रश्न हाच होता. ओरापाचा भाग बामांग्वाटो टोळीच्या हद्दीत. परंपरेने जमीन टोळीची, म्हणजे जमिनीखालचं खनिजही टोळीचं. आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच टोळीच्या राजघराण्याचे वारस.

या सेरेत्सेंची कहाणी स्वतंत्र पोस्टची आहे. लंडनला शिकत असताना १९४८ साली त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. शेजारी दक्षिण आफ्रिकेत नुकतंच वर्णभेदी सरकार आलेलं. ते खवळलं. इंग्रजांना दक्षिण आफ्रिकेचं सोनं आणि युरेनियम हवं होतं, म्हणून त्यांनी सेरेत्सेंनाच त्यांच्या देशातून हद्दपार केलं. १९५६ मध्ये टोळीच्या गादीवरचा हक्क सोडल्यावर त्यांना परत येऊ दिलं. पुढे १९६२ मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि १९६५च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा जिंकल्या.

आता बघा. हिरे स्वतःच्या टोळीच्या जमिनीत. मनात आणलं असतं तर खामा घराणं आखाती शेखांसारखं झालं असतं. पण १९६७ मध्येच कायदा झाला की टोळ्यांकडचे खनिज हक्क देशाचे. त्यात राष्ट्राध्यक्षांची टोळीही आली. ओरापाची खाण सुरू झाली १९७१ मध्ये. म्हणजे हिऱ्याचा पहिला पैसा दिसायच्या चार वर्षं आधी पैसा कुणाचा हे ठरलेलं होतं. ताटात वाढल्यावर वाटणीचं बोलायला गेलं की भांडणं होतात, हे आपण घराघरात बघतो. इथे ताट रिकामं असतानाच बोलणी उरकली.

काँगोत याच्या उलट झालं. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि दोन आठवडे होत नाहीत तोच तांब्याने भरलेला कटांगा प्रांत वेगळा व्हायला निघाला. त्यामागे बेल्जियमचा आणि तिथल्या खाण कंपनीचा हात होता. तो देश आजतागायत सावरलेला नाही.

कंपनीशी कसं बोलायचं

दुसरा प्रश्न कंपनीचा. हिरे शोधले डी बिअर्सने. यंत्रं त्यांची, जाणकार त्यांचे, जगाचा हिरेबाजार त्यांच्या मुठीत. सरकारला सुरुवातीला भागीदारी मिळाली १५ टक्के. बोत्सवानाने ती गुपचूप घेतली. पण दुसऱ्या मोठ्या खाणीची वेळ आली तेव्हा पुन्हा टेबलावर बसले आणि १९७५ मध्ये भागीदारी ५० टक्क्यांवर नेली. कर आणि रॉयल्टी धरली तर नफ्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त हिस्सा सरकारकडे यायला लागला. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. किमतीच्या हिशेबाने ती जगातल्या सगळ्यात श्रीमंत हिरेखाणींत गणली जाते.

त्यांनी कंपनीला हाकलून दिलं नाही. शेजारच्या झांबियात काय झालं ते बघा. १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा तो बोत्सवानापेक्षा कितीतरी श्रीमंत होता. तांब्याच्या खाणी, रेल्वे, शहरं, सगळं तयार. केनेथ काउंडांच्या सरकारने १९६९ नंतर खाणींत ५१ टक्के हिस्सा घेतला. हेतू वाईट नव्हता. पण सगळा देश एकट्या तांब्यावर उभा. १९७५च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. वाईट दिवसांसाठी शिल्लक फारशी नव्हती, म्हणून कर्ज काढलं. भाव उद्या वाढेल या आशेवर आणखी कर्ज काढलं. तोवर देशात एकच पक्ष उरलेला, त्यामुळे विचारणारंही कुणी नाही. खाणींत गुंतवणूक झाली नाही, उत्पादन घसरत गेलं आणि नव्वदच्या दशकात त्याच खाणी पुन्हा खासगी कंपन्यांना विकाव्या लागल्या.

झटका बोत्सवानालाही बसला होता. १९८१-८२ मध्ये हिऱ्यांचा बाजार पडला, काही महिने विक्रीच थांबली. पण गाठीला पैसा होता. खर्चाला कात्री लावली, चलनाचा भाव थोडा खाली आणला, हिरे साठवून ठेवले आणि तेजी आल्यावर विकले. झांबिया आणि बोत्सवाना यांच्यात सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसतो. चांगल्या दिवसांत हात आवरला की नाही, एवढाच.

पैसा गेला कुठे

हा खरा पत्रकाराचा प्रश्न. पैसा आला हे सगळेच सांगतात, गेला कुठे ते सांगा.

बोत्सवानाने अर्थ आणि नियोजन एकाच मंत्रालयात ठेवलं. ते बराच काळ क्वेट मासिरे या माणसाकडे होतं, जे १९८० मध्ये सेरेत्से वारल्यावर राष्ट्राध्यक्ष झाले. मोठा खर्च करायचा तर तो राष्ट्रीय विकास आराखड्यात असला पाहिजे. आज मंत्र्याच्या मनात आलं, उद्या भूमिपूजन, असं नाही. खनिजाचा पैसा शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी अशा टिकणाऱ्या कामांवरच लावायचा, पगार आणि रोजचा खर्च इतर उत्पन्नातून भागवायचा, असा दंडक त्यांनी घालून घेतला. कारण साधं. खनिज म्हणजे पीक नाही, दरवर्षी उगवत नाही. ते विकणं म्हणजे शेत विकण्यासारखं. शेत विकून आलेल्या पैशात लग्नाच्या पंगती उठवल्या तर पुढच्या पिढीने काय करायचं?

१९७६ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन आणलं. नाव ठेवलं पुला. पुला म्हणजे पाऊस. दुष्काळी माणसाला पैशाला पाऊसच म्हणावंसं वाटणार, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १९९४ मध्ये याच नावाने पुला फंड काढला. जास्तीचा पैसा परदेशात गुंतवायचा, वाईट दिवसांसाठी.

निकाल? स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षं हा देश जगातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत होता. निवडणुका वेळेवर झाल्या, लष्कराने सत्ता घेतली नाही. याला एक जुना आधारही आहे. तिथे गावोगावी 'क्गोटला' भरते. गावप्रमुख बसतो आणि कुणीही उठून त्याला तोंडावर विचारू शकतो. आपल्या ग्रामसभेसारखीच, फक्त कागदावर न राहिलेली. सेरेत्से आणि मासिरे यांनी ती मोडीत काढली नाही, सरकारी कामाची चर्चाही तिथे नेली.

दुसरी बाजूही वाचा

इथे थांबलो तर ही पोस्ट सरकारी पुस्तिका होईल. म्हणून पुढचं.

पहिलं म्हणजे विषमता. देश श्रीमंत झाला, पण पैसा सारखा वाटला गेला नाही. उत्पन्नातल्या दरीच्या बाबतीत बोत्सवाना आजही जगातल्या वाईट देशांत आहे. हिऱ्याच्या खाणीत यंत्रं जास्त, माणसं कमी. बेरोजगार तरुणांचा प्रश्न तिथेही आहेच.

दुसरं, सान लोक. कलहारीचे मूळ रहिवासी. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना मध्य कलहारीच्या अभयारण्यातून बाहेर काढलं. हिऱ्यांसाठी काढलं असा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. पुढे त्याच अभयारण्यात हिऱ्याची खाणही सुरू झाली. 'सगळ्या देशाच्या भल्यासाठी' म्हणताना उठवलं कुणाला जातं, हा प्रश्न कुठेही गेलात तरी तोच असतो.

तिसरं, एड्स. दोन हजार सालाच्या आसपास दर चार प्रौढांमागे एकाला लागण होती. देश संपेल अशी भीती होती. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी ते लपवलं नाही. २००२ पासून सरकारी दवाखान्यात औषध मोफत सुरू केलं, आफ्रिकेत सगळ्यात आधी. शिल्लक पैसा तिथे कामी आला.

चौथं आणि आजचं. पन्नास वर्षांत हिऱ्याला जोड धंदा उभा राहिला नाही. सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेल खाण २०१६ मध्ये बंद पडली, हजारो कामगार एका झटक्यात घरी. निर्यातीतला बहुतेक पैसा अजूनही हिऱ्याचाच. आणि आता प्रयोगशाळेत बनवलेला हिरा आला. तो आपल्या सुरतेत मोठ्या प्रमाणावर बनतो. जगातले बहुतेक खाणीतले हिरे कापले-घासले जातात तेही सुरतेतच, आणि मोठा व्यापार होतो मुंबईत बीकेसीला. म्हणजे बोत्सवानाच्या तोंडचा घास कुठून कमी होतोय ते कळलं असेल. २०२४ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आक्रसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकांनी स्वातंत्र्यापासून ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष मतपेटीतून घरी बसवला. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला, दुमा बोको नवे राष्ट्राध्यक्ष झाले. पण तिजोरी हलकी झालेली. ऑगस्ट २०२५ मध्ये दवाखान्यांत औषधं कमी पडली म्हणून सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. मोफत औषधासाठी नाव कमावलेल्या देशावर ही वेळ!

म्हणजे जपून खर्च करणाऱ्यालाही एकाच खनिजावर अवलंबून राहणं महागात पडतं. उधळणाऱ्यांचं तर विचारूच नका.

आता आपल्याकडे या

आपला जिल्हा देश नाही, आपल्याला स्वतःचं चलन काढायचं नाही. पण एक गोष्ट आपल्याकडेही कायद्याने आहे. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावात गेलेल्यांनी १० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची. पैसा खाणीमुळे ज्यांचं पाणी, शेत, श्वास गेला त्या गावांसाठी. मोठा हिस्सा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यावरच लावायचा, असं मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय.

तेव्हा बोत्सवानाचे तीन प्रश्न आपणही विचारू शकतो. हा पैसा कुणाचा? आपल्या गावाला वाटा किती? आणि गेला कुठे, आरओ प्लांटवर, शाळेवर, की प्रवेशद्वाराच्या कमानीवर? शिवाय कोळसा संपेल त्या दिवसासाठी काही शिल्लक ठेवतोय का? घुग्घुस-राजुऱ्याच्या पोरांना खाणीशिवाय दुसरं कुठलं काम आपण शिकवतोय?

हे विचारायला क्रांती लागत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ग्रामसभेच्या जोरावर २००९ मध्ये आपल्या जंगलाचे हक्क मिळवून दाखवले. येत्या ग्रामसभेत प्रतिष्ठानातून झालेल्या कामांची यादी मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

ज्यांच्या गावात या निधीतून काम झालंय त्यांनी खाली गावाचं नाव आणि काम लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा. आपलीच एक यादी तयार होईल.