पार्कर यांच्या पश्चात

जॅझमधील थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. वय अवघे ३४. त्यांच्या पश्चात निघालेल्या संग्रह-तबकड्यांकडे आम्ही काहीशा साशंकतेने पाहतो. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, व्यसनाने पुरते खचलेल्या पार्कर यांच्याकडून ‘डायल’ कंपनीने ‘लव्हर मॅन’ ध्वनिमुद्रित करून घेतले. त्याच रात्री त्यांना अटक झाली. पुढील सुमारे सहा महिने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात गेले. ते विस्कटलेले वादन कंपनीने विक्रीस काढले, याचा पार्कर यांना संताप आला. ‘डायल’च्या ‘संपूर्ण’ संग्रहांत मात्र ते हटकून असते. काही जाणकारांना त्यातील वेदनाच भावते म्हणे! ज्याचे त्याला नको होते, ते त्याच्याच गौरवार्थ पुन्हा विकावे काय?

डीन बेनेडेट्टी यांची गोष्ट निराळी. स्वतः सॅक्सोफोनवादक असलेल्या या भक्ताने १९४७-४८ मध्ये क्लबांत यंत्र नेऊन पार्कर यांचे वादन टिपले. इतर वादकांची पाळी आली की यंत्र बहुधा बंद! बेनेडेट्टी १९५७ साली वारले. तो ठेवा ‘मोझेक’ कंपनीने १९९० मध्ये ७ सीडींत प्रसिद्ध केला. नुसते तुकडे, खरखरही पुष्कळ. परंतु कॅमारिलोतून नुकतेच सुटलेले, मार्च १९४७ मधील उमेदीचे पार्कर तेथे ऐकावयास मिळतात.