रनसीचे भगदाड : कंटेनरच्या भिंतीचा चाळीस वर्षांचा इतिहास

जबलपूरची भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व विनिर्माण संस्था २००५ साली स्थापन झाली, तेव्हा ‘कंटेनर’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंदरावरची लोखंडी पेटी येत असे. आज तेथील असो वा पुण्यातील, संगणकशास्त्राचा विद्यार्थी डॉकरची एक आज्ञा देतो आणि कुणा अनोळखी माणसाने बांधलेली सॉफ्टवेअरची पेटी क्षणार्धात त्याच्या यंत्रावर चालू लागते. पेटीतले पेटीतच राहील, असा त्याचा विश्वास असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये या विश्वासाला मोठा तडा गेला.

ही भिंत एका दिवसात उभी राहिली नव्हती. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला फाइलींच्या वृक्षाची एकच फांदी दाखवता येऊ लागली. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले. लिनक्समध्ये २००२ पासून ‘नेमस्पेस’ येत गेल्या, तर २००६ साली गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलेल्या कामातून ‘सीग्रुप्स’ आकाराला आले. काय दिसावे हे नेमस्पेस ठरवते. किती वापरावे हे सीग्रुप ठरवतो. मार्च २०१३ मध्ये डॉकरने हे तुकडे एकत्र गुंफून सामान्य विकासकाच्या हाती दिले. २०१५ साली कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा त्यातील छोटा प्रोग्रॅम, ‘रनसी’, सर्वांसाठी सामायिक पाया म्हणून खुला करण्यात आला. डॉकर, कुबरनेटिस आणि इतर अनेक व्यवस्था त्याच्यावर विसंबू लागल्या.

या इतिहासातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. आभासी यंत्राला स्वतःचा कर्नल असतो. कंटेनरला तो नसतो. यजमान यंत्राचा कर्नल सर्व कंटेनरांमध्ये समाईक असतो. म्हणजे कंटेनर ही स्वतंत्र इमारत नव्हे, तर एकाच घरात पडदे लावून केलेली खोली आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे भरलेल्या संमेलनातील सुरक्षा-स्पर्धेत नेमस्पेसविषयी एक कोडे होते. त्यातून चालना मिळून ॲडम इवान्यूक आणि बोरिस पोपवाव्स्की या पोलिश संशोधकांनी रनसीतील दोष शोधला. रनसीच्या देखभालकर्त्यांपैकी अलेक्सा सराई यांनी तो ११ फेब्रुवारी २०१९ रोजी जाहीर केला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१९-५७३६, आणि गंभीरता दहापैकी ८.६.

दोषाचे मर्म असे होते. लिनक्समधील ‘प्रोक’ या आभासी फाइलप्रणालीत चालू प्रोग्रॅमला स्वतःच्या मूळ फाइलीकडे नेणारा एक दुवा असतो. चालू कंटेनरमध्ये नवी आज्ञा चालवायची असली, की यजमानावरील रनसी त्या कंटेनरच्या हद्दीत शिरतो आणि तेथील प्रोग्रॅम सुरू करतो. हल्लेखोराने कंटेनरमधील तो प्रोग्रॅम बदलून त्या दुव्याकडे वळवून ठेवलेला असे. परिणामी रनसी पेटीच्या आत स्वतःलाच पुन्हा सुरू करी. त्याच दुव्यावरून हल्लेखोराला यजमानावरील मूळ रनसी फाइलीपर्यंत पोहोचता येई.

तरी एक अडसर उरत होता. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीत कर्नल लिहू देत नाही. म्हणून हल्लेखोराची प्रक्रिया त्या फाइलीचा संदर्भ धरून ठेवी आणि लिहिण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करी. रनसी काम आटोपून थांबताच लेखन यशस्वी होई. पुढच्या वेळी यजमानावर कोणीही कंटेनर सुरू केला, की रनसीच्या नावाने हल्लेखोराचाच कोड रूट अधिकाराने चाले. एका फाइलीत केलेल्या लेखनाने सारे यंत्र परक्याच्या ताब्यात जाई, आणि त्याबरोबर त्या यंत्रावरील इतर सर्वांचे कंटेनरही.

उपायही तितकाच बोलका होता. कंटेनरमध्ये शिरण्यापूर्वी रनसी स्वतःची एक सीलबंद प्रत स्मृतीत तयार करू लागला आणि तीच प्रत चालवू लागला. आतल्या कुणी हात घातलाच, तर ती प्रत बदलता येत नाही आणि मूळ फाइल हाती लागत नाही. डॉकरने १८.०९.२ ही दुरुस्त आवृत्ती तातडीने दिली. ज्या ठिकाणी युझर नेमस्पेस नीट वापरलेल्या होत्या, तेथे हा हल्ला आधीच निष्फळ ठरत होता. कारण कंटेनरमधील ‘रूट’ यजमानावर रूट नव्हताच. हे साधन लिनक्समध्ये २०१३ पासून उपलब्ध होते. मात्र डॉकरच्या मूळ मांडणीत ते चालू नसे.

जानेवारी २०२४ मध्ये रनसीत पुन्हा एक दोष उघड झाला. या वेळी यजमानाच्या फाइलप्रणालीचा एक उघडा राहिलेला संदर्भ कंटेनरमध्ये गळत होता. कारण निराळे, पण जागा तीच : बाहेरचा अधिकार घेऊन आत शिरणारे साधन.

दोन्ही प्रसंगी पेटीची भिंत कोणी फोडली नाही. दार उघडण्यासाठी आत येणाऱ्या पहारेकऱ्याचाच वापर झाला. म्हणून अनोळखी पेटी चालवताना विद्यार्थ्याने आत काय आहे एवढेच विचारून पुरत नाही. ती उघडणारे साधन कोणत्या आवृत्तीचे आहे आणि ते कोणत्या अधिकाराने आत जाते, हेही त्याला ठाऊक असावे लागते.