विरामनिर्णय, ग्रीक नव्या करारातील
मुळात नसलेली विरामचिन्हे वाक्यरचना व संदर्भावरून ठरविण्याची पाठचिकित्सेतील (→ पाठचिकित्सा) पद्धती. चौथ्या शतकातील सायनायटिकस व व्हॅटिकानुस संहितांत अक्षरे सलग, शब्दांत अंतर न सोडता लिहिलेली असून विरामचिन्हे तुरळक आहेत. रोमकरांस पत्र ९:५ मध्ये ‘देहदृष्ट्या’ या अर्थाच्या पदानंतर पूर्णविराम दिल्यास पुढील स्तुती देवपित्याची ठरते. स्वल्पविराम दिल्यास ख्रिस्तालाच ‘देव’ म्हटले जाते (→ ख्रिस्तशास्त्र). पौल ख्रिस्ताला असे क्वचितच संबोधतो, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि स्वतंत्र स्तुतिवाक्यात ‘धन्य’ हे पद बहुधा आरंभी येते, येथे मात्र ते ‘देव’ या पदामागून येते. त्यामुळे स्वल्पविरामच अधिक सयुक्तिक. पाचव्या शतकातील अलेक्झांड्रिनस संहितेत येथे बिंदू आढळतो, पण तो मूळ प्रतीतही होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.